गोळी तीच, डोस तोच, तरी टीएसएच वाढला. थायरॉईडचा रिपोर्ट नक्की कसा वाचायचा?

सांजवेळ

नमस्कार. मला हाशिमोटो (प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करते तो आजार) आहे आणि बरीच वर्षं लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कृत्रिम थायरॉईड हार्मोनची, ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. टीएसएच (थायरॉईडला हार्मोन बनवायला सांगणारा हार्मोन) नेहमी २ ते ३च्या दरम्यान असायचा, त्यामुळे रिपोर्टची काळजी कधी वाटली नाही. या वेळचा मात्र असा आलाय:

टीएसएच ७.८ (नॉर्मल रेंज ०.४ ते ४.०)
फ्री टी४, म्हणजे रक्तातला मोकळा थायरॉईड हार्मोन, १.३ (नॉर्मल रेंज ०.८ ते १.८)
अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं) ६००पेक्षा जास्त

टीएसएच आणि अँटी-टीपीओ दोन्ही ठळक अक्षरांत छापलेत. वजन साधारण तेवढंच आहे. थकवा जाणवतोय, पण तो दोन-तीन महिन्यांपासून आहे. गोळी एकही दिवस चुकलेली नाही, उपाशीपोटीच घेते.

डॉक्टरांची भेट अजून लांब आहे. घरचे म्हणतात, तोवर १००ची गोळी सुरू कर. मला ते पटत नाहीये. फ्री टी४ चांगला मध्यावर असताना टीएसएच एवढा वर का, हेच आधी समजून घ्यायचंय. आणि ते अँटी-टीपीओचं काय करायचं?

रानपाखरू

माझाही असाच ८च्या आसपास गेला होता. डॉक्टरांनी ७५ची ८८ केली, पुढच्या वेळी खाली आला. वय वाढतं तशी ग्रंथी अजून मंदावते म्हणाले. पण स्वतःहून २५ने वाढवू नका, त्यांना फोन करून विचारा.

क्षितिज

सांजवेळ, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. औषध ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. आकडा कुठून येतो एवढं मी सांगू शकतो.

टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. रक्तातला थायरॉईड हार्मोन कमी पडला की पिट्युटरी मुकादमासारखी आवाज चढवते, पुरेसा झाला की गप्प बसते. म्हणजे टीएसएच वर गेला, तर शरीराला हार्मोन कमी पडतोय. गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत त्याचा अर्थ, गोळीतला पुरेसा हार्मोन रक्तात पोचत नाहीये. अनेकांना हे उलटं वाटतं आणि आकडा वाढलेला बघून ते गोळी कमी करतात, म्हणून आधीच स्पष्ट केलं.

पिट्युटरी फार संवेदनशील असते. फ्री टी४ निम्म्यावर आला तर टीएसएच शंभरपटीच्या घरात वाढू शकतो. त्यामुळे फ्री टी४ थोडासाच घसरला, अगदी रेंजच्या आत राहूनही घसरला, तरी टीएसएच रेंजबाहेर जातो. छापलेली रेंज ही पुष्कळ निरोगी माणसांची मिळून काढलेली असते. त्यातली मधली ९५ टक्के माणसं त्या दोन आकड्यांच्या आत बसतात. तुमच्या स्वतःच्या शरीराची पट्टी त्याहून बरीच अरुंद असते. तुमचा नेहमीचा फ्री टी४ समजा १.५ असेल, तर १.२ लॅबच्या दृष्टीने नॉर्मल, पण तुमच्या पिट्युटरीच्या दृष्टीने कमी.

दुसरं म्हणजे, टीएसएच हा आजचा आकडा नाही. गेल्या पाच-सहा आठवड्यांत शरीराला किती हार्मोन मिळाला त्याचा तो हिशेब आहे. फ्री टी४ मात्र आजचा, किंबहुना त्या सकाळचा. म्हणून दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील तर मी नेहमी तीन गोष्टी विचारतो:

रक्त दिलं त्या दिवशी गोळी आधी घेतली होती का, आणि किती वेळ आधी?
मागच्या रिपोर्टनंतर दुसरं कुठलं औषध, टॉनिक, कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीची गोळी, केसांसाठीचं व्हिटॅमिन, काहीही सुरू झालंय का?
गोळीची कंपनी बदलली का, किंवा बाटली कुठे उन्हात, दमट जागी राहिली का?

या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय डोसबद्दल बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अँटी-टीपीओचा विचार आता सोडा. त्या प्रतिपिंडांवरून आजार हाशिमोटो प्रकारचा आहे हे कळतं आणि ते तुम्हाला कळलेलंच आहे. आकडा ६०० असो वा ९००, गोळीचा डोस त्यावरून ठरत नाही. तरी तपासणीच्या पॅकेजमध्ये तो दर वेळी येतो आणि दर वेळी माणूस घाबरतो.

सांजवेळ

क्षितिज, मनापासून आभार. उत्तरं देते.

त्या दिवशी गोळी रोजच्यासारखी सकाळी उठल्यावर घेतली होती आणि दोनेक तासांनी रक्त दिलं.

कंपनी तीच आहे. बाटली कपाटात असते.

नवीन औषध मात्र आहे. हिमोग्लोबिन कमी निघालं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली. उपाशीपोटी जास्त चांगली लागू पडते असं त्यांनी सांगितलं, म्हणून थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतेय. साधारण तीन महिने झाले.

क्षितिज

बहुतेक इथेच उत्तर आहे.

लोह आणि लेव्होथायरॉक्सिन पोटात एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात आणि गोळीचा बराचसा भाग आतड्यातून शोषलाच जात नाही. कॅल्शियमचंही तसंच. या दोन गोळ्यांमध्ये किमान चार तासांचं अंतर लागतं. लेव्होथायरॉक्सिन चांगल्या परिस्थितीत, उपाशीपोटी घेतली तरी ६० ते ८० टक्केच शोषली जाते. त्यात लोह आलं की ते प्रमाण आणखी खाली येतं. तुम्ही रोज ७५ गिळताय, पण शरीराला मिळतायत त्याहून कमी. तीन महिन्यांत टीएसएच ७.८वर जायला एवढं कारण पुरेसं आहे.

आता फ्री टी४ मध्यावर का? गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत रक्तातला फ्री टी४ वर चढतो, कधीकधी २० टक्क्यांच्या आसपास, आणि मग हळूहळू उतरतो. तुमचं रक्त नेमकं त्या वेळात घेतलं गेलं. त्यामुळे १.३ हा आकडा खऱ्या पातळीपेक्षा थोडा वरचा दिसत असणार. टीएसएचवर त्या एका सकाळच्या गोळीचा काही परिणाम होत नाही. या दोन आकड्यांपैकी मी टीएसएचवर विश्वास ठेवेन. पुढच्या वेळी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

अनुबंध

मी फिजिशियन आहे. क्षितिज यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात एक भर घालते, कारण १००ची गोळी सुरू केली तर पुढे काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय.

समजा, लोह तसंच चालू ठेवून डोस वाढवला. टीएसएच खाली येईल, सगळे समाधानी होतील. मग हिमोग्लोबिन सुधारलं की लोह बंद होईल. त्या दिवसापासून १००ची पूर्ण गोळी शोषली जायला लागेल आणि काही आठवड्यांत टीएसएच ०.१वर जाऊन छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होईल. आणि तेव्हा कुणालाही लोहाची आठवण राहिलेली नसेल.

तेव्हा आधी लोह चार तास दूर न्या. दुपारी किंवा रात्री घेतलं तरी चालतं, लोहाच्या डॉक्टरांना तसं सांगून ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. तो तेव्हाही वर असेल तर डोस वाढवण्यात अर्थ आहे. हे सगळं तुमच्या थायरॉईडच्या डॉक्टरांना आत्ताच फोनवर कळवा, भेटीची वाट पाहू नका.

हिमोग्लोबिन कमी का झालं, हेही विचारा. टीएसएच वर गेला की पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह आणखी कमी होतं, आणि ते भरून काढणारी गोळी थायरॉईडची गोळी अडवते. हे चक्र बाईच्या लक्षात येत नाही, दोन वेगळे डॉक्टर असतील तर त्यांच्याही येत नाही.

माळरान

चांगली चर्चा चालू आहे. माझं निदान नुकतंच झालंय. टीएसएच २२ होता, ५०ची गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी तपासा म्हणाले होते, पण मी पंधरा दिवसांतच करून घेतला. १४ आला. गोळी लागू पडत नाहीये का? की डोस कमी आहे?

क्षितिज

माळरान, या १४वरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही.

टी४चं अर्धं आयुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवसांचं असतं. रोज गोळी घेत राहिल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. त्यानंतर पिट्युटरीला त्या नव्या पातळीची सवय व्हायची असते. आजार खूप दिवस उपचारांविना राहिला असेल तर टीएसएच त्याहूनही सावकाश उतरतो. तुमचा २२चा १४ झालाय, म्हणजे दिशा बरोबर आहे. प्रवास अर्ध्यावर असताना मोजलेला आकडा आहे हा, त्यावर डोस वाढवला तर पुढे जाऊन तो जास्त ठरू शकतो. सांगितलेल्या तारखेलाच पुन्हा करा.

याच कारणामुळे एखाद दिवस गोळी राहिली तर फार बिघडत नाही. आठवलं की घ्या. एवढ्या लांब अर्धआयुष्याच्या औषधात आठवड्याची एकूण बेरीज महत्त्वाची. मात्र महिनाभर धरसोड करून तपासणीच्या आधीचे चार-पाच दिवस नियमित घेतली, तर फ्री टी४ छान येतो आणि टीएसएच वरच राहतो. अशा रिपोर्टवर डॉक्टरही गोंधळतात. तेव्हा गोळ्या राहिल्या असतील तर त्यांना सरळ सांगावं, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

चांदणचुरा

माझं उलटं झालंय. ८८ची गोळी, टीएसएच वर्षानुवर्षं व्यवस्थित. आता ०.०६ आला आणि फ्री टी४ २.५. डॉक्टरांनी डोस ५०वर आणलाय. पण धडधड नाही, घाम नाही, वजन उतरलेलं नाही, उलट पोट साफ होत नाही आणि थंडी वाजते. हे कसं काय? वरती केसांच्या व्हिटॅमिनचा उल्लेख वाचला, ते मी घेते, म्हणून विचारतेय.

क्षितिज

त्या डबीवर बायोटिन किती लिहिलंय बघाल का?

चांदणचुरा

१०,००० मायक्रोग्रॅम. रोज एक.

क्षितिज

मग हा रिपोर्ट खरा नसण्याची दाट शक्यता आहे.

प्रौढ माणसाला बायोटिन दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं. केस-नखांच्या गोळ्यांमध्ये ते शेकडो पटींनी जास्त असतं. शरीराला त्याने सहसा अपाय होत नाही, पण तपासणीच्या यंत्राची फसगत होते. अनेक कंपन्यांच्या चाचण्यांमध्ये हार्मोन पकडून ठेवण्यासाठी बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन, या जोडीचाच वापर केलेला असतो. रक्तातच भरपूर बायोटिन आलं की ते चाचणीतली जागा अडवतं. टीएसएचची चाचणी ज्या पद्धतीची असते तिच्यात आकडा खोटा कमी येतो. फ्री टी४ आणि टी३ (थायरॉईडचा दुसरा हार्मोन) यांच्या चाचण्यांची पद्धत उलटी, म्हणून त्यांत खोटा जास्त येतो. दोन्ही एकत्र पाहिले की हुबेहूब डोस जास्त झाल्याचं चित्र. ग्रेव्ह्जच्या आजाराची (यात थायरॉईड जास्त काम करते) प्रतिपिंडं तपासली तर तीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकतात.

सगळ्याच यंत्रांवर असं होत नाही. तुमच्या लॅबला फोन करून, त्यांच्या थायरॉईडच्या चाचण्यांवर बायोटिनचा परिणाम होतो का, एवढं विचारा.

अनुबंध

चांदणचुरा, थंडी वाजणं आणि बद्धकोष्ठता ही हार्मोन कमी पडल्याची लक्षणं आहेत, जास्त झाल्याची नाहीत. तुमचं शरीर आणि तुमचा रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत. अशा वेळी मी रुग्णाच्या शरीराचं आधी ऐकते. आजच डॉक्टरांना कळवा. बायोटिन थांबवून किमान दोन दिवसांनी तपासणी पुन्हा होऊ दे, आणि डोस ५०च ठेवायचा की ८८वर न्यायचा ते त्यावरून ठरू दे. ५०ची गोळी सुरू होऊन किती दिवस झाले तेही त्यांना सांगा, कारण नव्या आकड्यात तेही मिसळलेलं असेल.

यापुढे कुठल्याही रक्ततपासणीआधी हे व्हिटॅमिन बंद ठेवा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर हृदयविकाराची ट्रोपोनिन चाचणीसुद्धा खोटी कमी येऊ शकते. ते थायरॉईडच्या गोंधळापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

पाऊलखुणा

माझी आई ७८ वर्षांची आहे. ५०ची गोळी चालू, टीएसएच ५.६. धाकटा भाऊ म्हणतो, रिपोर्टमध्ये वर दाखवतंय तर डोस वाढवा. डॉक्टर म्हणतात, राहू दे. आईला तसा काही त्रास नाही. भावाला समजावू कसं?

अनुबंध

दादा, तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

वयाबरोबर टीएसएच नैसर्गिकपणेच थोडा वर सरकतो. रिपोर्टवरची ०.४ ते ४.० ही पट्टी पंचविशीतल्या मुलीला आणि ७८च्या आईला एकच छापलेली असते, हा त्या कागदाचा दोष. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१४च्या सूचनांमध्ये सत्तर-ऐंशीच्या पुढच्या माणसांसाठी टीएसएचचं लक्ष्य ४ ते ६पर्यंत नेण्याची मुभा दिलेली आहे. आईंचा ५.६ त्यातच बसतो.

या वयात डोस थोडा कमी असण्यापेक्षा थोडा जास्त असणं अधिक घातक. टीएसएच दबलेला राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. हाडं ठिसूळ होतात ते वेगळंच, आणि त्या वयात पडून खुबा मोडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

भावाला हेही सांगा की २०१७ साली युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ माणसांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांचा टीएसएच थोडा वाढलेला पण फ्री टी४ नॉर्मल होता. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. वर्षभरानंतर थकव्यात आणि थायरॉईडच्या लक्षणांमध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्यांचं औषध नव्याने सुरू केलं होतं आणि आईंचं आधीपासून चालू आहे, त्यामुळे हे त्यांना तंतोतंत लागू नाही. पण ५.६चा ३.५ केल्याने आईंना बरं वाटेलच अशी अपेक्षा धरू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

पाऊलखुणा

हे त्याला वाचून दाखवतो. फार आभारी आहे, डॉक्टर.

मृद्गंध

धागा पूर्ण वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा. टीएसएच २.१, फ्री टी४ १.४, दोन वर्षं असेच उत्तम आकडे. तरी सकाळी उठवत नाही, केस गळतात, डोकं जड राहतं. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हटल्यावर पुढे कुणी ऐकूनच घेत नाही. रिव्हर्स टी३ (टी३चंच निष्क्रिय रूप) करून घ्यावा का? आणि टी३ची गोळी जोडून घेतली तर फायदा होतो असं वाचलं.

रानपाखरू

मृद्गंध, माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ९ निघालं होतं. टीएसएच अगदी छान असताना. लोह भरून काढल्यावर केस गळायचे थांबले. ते आधी बघा.

अनुबंध

मृद्गंध, तुमचा त्रास खरा आहे आणि रिपोर्टही खरा आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. टीएसएच चांगला असूनही त्रास राहणारे ५ ते १० टक्के लोक असतात असं मानलं जातं, म्हणजे तुम्ही एकट्या नाही.

२.१ टीएसएचवर डोस वाढवून मी काही मिळवेन असं मला वाटत नाही. रानपाखरू म्हणतात तसं फेरिटिन, मग हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व, साखर तपासा. हाशिमोटोबरोबर इतर ऑटोइम्यून आजार येऊ शकतात. त्यातल्या पर्निशियस अ‍ॅनिमियात बी१२ उतरतं, सीलियाकमध्ये (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडतं तो आजार) लोह आणि थायरॉईडची गोळी दोन्ही नीट शोषली जात नाहीत. झोपेत घोरता का, मधेच श्वास अडकून जाग येते का, हे घरच्यांना विचारा. मन बरं आहे का, हे स्वतःला विचारा. थकव्याचं कारण नैराश्य निघालं तर तोही आजारच आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

रिव्हर्स टी३वर खर्च करू नका. डोस ठरवताना त्याचा उपयोग नाही. साधा टी३सुद्धा लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यात फार काही सांगत नाही, कारण हार्मोन कमी पडत असतानाही तो बराच काळ नॉर्मल राहतो.

टी३ची गोळी जोडण्याबद्दल चाचण्या पुष्कळ झाल्या. सरासरीत फायदा दिसलेला नाही, पण काही रुग्ण त्यावर बरं वाटतं असं ठामपणे सांगतात आणि मी ते खोटं मानत नाही. युरोपियन थायरॉईड असोसिएशनच्या २०१२च्या सूचनांमध्येही, बाकी सगळी कारणं तपासून झाल्यावर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मर्यादित काळ करून पाहायला जागा ठेवलेली आहे. गरोदरपणात किंवा हृदयाचे ठोके अनियमित असताना मात्र नाही.

कवडसा

मी जरा घाईत विचारतेय. ६२.५ची गोळी चालू आहे. काल घरी टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली. मागचा टीएसएच २.९ होता, म्हणजे नॉर्मल. डॉक्टरांची वेळ दोन आठवड्यांनी मिळतेय. तोवर थांबलं तर चालेल ना?

अनुबंध

कवडसा, अभिनंदन. थांबू नका. आजच फोन करा आणि 'थायरॉईडची गोळी चालू आहे, गरोदर आहे' एवढं सांगा. लवकर वेळ देतील.

पहिल्या तिमाहीत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं, आणि आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. निरोगी ग्रंथी हे आपोआप भागवते, गोळीवर असलेलं शरीर भागवू शकत नाही. म्हणूनच अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१७च्या सूचनांमध्ये असं आहे की गोळी घेणाऱ्या स्त्रीने गर्भ राहिल्याचं कळताच आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्याव्यात, म्हणजे सातच्या जागी नऊ, आणि लगेच डॉक्टरांना कळवावं. तुम्ही हे फोनवर त्यांना विचारूनच करा.

आणि टीएसएच आत्ताच करून घ्या. २.९ गरोदर नसताना ठीक होता, आता तो २.५च्या खाली हवा. नऊ महिन्यांपैकी निम्मा काळ होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू होतील, ते चार तास लांब ठेवा. बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीचाच होतो आणि सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहतात.

कवडसा

फोन केला. उद्या बोलावलंय. खूप खूप धन्यवाद.

दीपस्तंभ

दोन वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट ताडून पाहणाऱ्यांसाठी: टीएसएचचं एकक कुठे एमआययू प्रति लिटर असतं, कुठे मायक्रो आययू प्रति मिलिलिटर. आकडा एकच, काही बदल करावा लागत नाही. फ्री टी४चं मात्र तसं नाही. नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमधला आकडा १२.८७ने गुणला की पिकोमोल प्रति लिटर मिळतं. म्हणजे १.३ आणि १६.७ एकच. 'टोटल टी४' आणि 'फ्री टी४' यांतही गल्लत नको. गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनने रक्तातलं वाहक प्रथिन वाढतं आणि टोटल टी४ उगाच वर दिसतो.

आणखी एक, कारण मला या विषयाचा इतिहास फार मोलाचा वाटतो. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून थायरॉईड मंदावलेल्या एका बाईंचा आजार आटोक्यात आणला. त्याआधी या आजारावर खात्रीचा उपाय नव्हता. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. पण डोस ठरवायचा तो चेहऱ्यावरची सूज, नाडी आणि थंडी वाजते का ते पाहून. टीएसएच मोजण्याच्या चाचण्या सर्रास मिळेपर्यंत दिवसाला २०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस नेहमीचा होता. चाचणी आली आणि कळलं की त्यातल्या कितीतरी जणांना गरजेपेक्षा जास्त औषध मिळत होतं. आज पूर्ण डोस किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात.

माळरान

एक राहिलं. रात्री झोपताना गोळी घेतली तर चालते का? माझी कामाची पाळी बदलते, सकाळचं गणित जमत नाही.

अनुबंध

चालते. शेवटच्या जेवणानंतर तीन तास गेलेले असावेत. सकाळी घेणाऱ्यांनी नाश्ता आणि कॉफीच्या आधी अर्धा ते एक तास. एक वेळ ठरवा आणि ती पाळा. वेळ बदलली किंवा गोळीची कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी एकदा टीएसएच बघून घ्या.

ओंजळ

माझी पिट्युटरीच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेली आहे, तेव्हापासून ७५ची गोळी. नवीन डॉक्टरांनी टीएसएच ०.२ पाहून डोस जास्त झालाय म्हटलं आणि कमी केला. आता अंगावर सूज आहे आणि सतत झोप येते. वरचं सगळं वाचून शंका आली की माझ्या बाबतीत टीएसएच बघायचाच का?

अनुबंध

ओंजळ, तुमची शंका योग्य आहे. तुमच्या बाबतीत टीएसएचवर डोस ठरवत नाहीत. तो जिथून येतो त्याच ग्रंथीला इजा झालेली आहे, त्यामुळे हार्मोन कितीही कमी पडला तरी तो वर जाणार नाही. तुमच्यासाठी फ्री टी४ हाच आकडा, आणि तो रेंजच्या वरच्या अर्ध्या भागात असावा असं साधारण धोरण असतं. रक्त देण्याआधी गोळी घेऊ नका, नाहीतर तोही फसवेल. शस्त्रक्रियेची कागदपत्रं घेऊन याच आठवड्यात एंडोक्रायनॉलॉजिस्टना भेटा. डोस पुन्हा वाढवण्याआधी कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा हार्मोन) तपासलंय का, तेही त्यांना विचारा. पिट्युटरीच्या आजारात ते कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागतं.

क्षितिज

आणि लॅबच्या फॉर्मवर 'पिट्युटरी शस्त्रक्रिया झालेली आहे, फ्री टी४ करावा' असं स्वतः लिहा. काही ठिकाणी आधी फक्त टीएसएच करतात आणि तो रेंजमध्ये आला तर पुढची चाचणी करतच नाहीत. नमुना देतानाच काउंटरवर विचारून घ्या, म्हणजे पुन्हा सुई टोचून घ्यावी लागणार नाही.